पोस्टकार्डातली इमारत ओळखायची कशी?



सुरुवातीलाच सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही आणि वास्तुविशारदही नाही. बी.एस्सी. झालो, सैन्यात गेलो, इंजिनियर्समध्ये नोकरी केली आणि निवृत्तीनंतर बेंगळुरूला स्थायिक झालो. सैन्याने मला दोन सवयी लावल्या. एक, नकाशा हातात आला की आधी उत्तर दिशा शोधायची. दुसरी, कोणतीही बातमी आली की ती किती खात्रीची आहे ते विचारायचं आणि मगच पुढे पाठवायची. जुनी चित्रं असलेली पोस्टकार्डं गोळा करायला लागलो तेव्हा या दोन्ही सवयी कामी आल्या.

आजचा विषय साधा आहे. तुमच्या हातात शंभर वर्षांपूर्वीचं एक पोस्टकार्ड आहे. त्यावर एक रस्ता आहे, दोन-चार इमारती आहेत, खाली कधी नाव छापलेलं आहे, कधी नाही. ही इमारत कुठली? ती आज उभी आहे का? हे चित्र कोणत्या वर्षाच्या आसपासचं आहे? कॅमेरा नेमका कुठे ठेवला होता? हे शोधायचं कसं, ते मी सांगणार आहे. उदाहरणं मुख्यतः मुंबईच्या फोर्ट भागातली घेतो, कारण तो भाग तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण ही मालिका इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली, बेळगाव अशी सगळीकडे पाहिली जाते. रीत एकच आहे, तुमच्या गावालाही तीच लागू पडते.

आधी पोस्टकार्डाविषयी थोडं. आपल्याकडे पाव आण्याचं साधं सरकारी पोस्टकार्ड १८७९ च्या जुलैत सुरू झालं. चित्राची कार्डं त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटच्या वर्षांत आली आणि पुढची वीसेक वर्षं त्यांचा सुकाळ होता. आपले धुरंधर यांच्यासारख्या चित्रकारानेही पोस्टकार्डांसाठी चित्रं काढली. परदेशातून आलेला शिपाई, कारकून, मिशनरी, प्रवासी, सगळे ही कार्डं घरी पाठवत. बरीचशी कार्डं जर्मनीत छापली जात. फोटो इथे काढायचा, छपाई तिकडे करायची आणि कार्डं बोटीने परत येऊन इथल्या दुकानात विकायची. १९१४ ला युद्ध सुरू झालं तेव्हा ती वाट बंद झाली.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण कार्डावर डोळे झाकून विश्वास का ठेवायचा नाही त्याचं उत्तर हिच्यात आहे. ज्या माणसाने रंग भरले त्याने मुंबई पाहिलेलीच नव्हती. त्याने काळा दगड लाल केला, मळकट आकाश निळं केलं, वर दोन ढग टाकले. तारांचं जाळं डोळ्याला खुपलं तर तारा पुसून टाकल्या. म्हणून पहिला नियम असा: रंगीत कार्डावरचा रंग हा पुरावा नाही. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. कार्डावर जे दिसतं त्याला वजन द्या, जे दिसत नाही त्याला कमी वजन द्या. विजेची तार दिसली तर वीज आलेली होती. तार दिसली नाही म्हणून वीज नव्हती, असं होत नाही.

आता कार्ड हातात घ्या आणि चित्र बघण्याआधी ते उलटं करा. नव्याने गोळा करणारे इथेच घाई करतात. चित्र बघत बसतात आणि मागची बाजू वाचतच नाहीत.

मागे आधी तिकीट बघा. तिकिटावर व्हिक्टोरिया राणी असेल, सातवे एडवर्ड असतील, पाचवे जॉर्ज असतील किंवा सहावे जॉर्ज. एडवर्डांची तिकिटं आपल्याकडे १९०२ पासून, पाचव्या जॉर्जची १९११ पासून, सहाव्या जॉर्जची १९३७ पासून. शिक्का वाचता आला तर तारीखच मिळाली. मग पाठीची रचना बघा. सुरुवातीच्या कार्डांची अख्खी पाठ फक्त पत्त्यासाठी असे. मजकूर लिहायचा तर चित्राच्या कडेला, जागा मिळेल तिथे. मधोमध उभी रेघ, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, ही पद्धत ब्रिटनने १९०२ मध्ये मान्य केली. अमेरिकेत ती १९०७ मध्ये आली. म्हणजे ब्रिटनमध्ये छापलेल्या कार्डाच्या पाठीवर उभी रेघ असेल, तर ते कार्ड १९०२ च्या आधी छापलेलं नाही.

पण इथे थोडं थांबा. शिक्क्यावरची तारीख ही कार्ड टाकल्याची तारीख असते. फोटो काढल्याची नव्हे. दुकानदाराकडे कार्डं वर्षानुवर्षं पडून असत आणि छापणारे जुनाच फोटो पुन्हा पुन्हा वापरत. शिक्का १९१२ चा असेल तर त्याचा अर्थ एवढाच की फोटो १९१२ च्या नंतरचा नाही. सैन्यात आम्ही वेळेच्या खिडकीबद्दल बोलायचो, तशी इथेही खिडकी आखायची. एक कड असते ‘याच्या आधीचं नाही’ आणि दुसरी कड असते ‘याच्या नंतरचं नाही’. कार्डाची पाठ बहुतेक वेळा दुसरी कड देते. पहिली कड चित्रातून शोधावी लागते.

चित्राकडे वळण्याआधी साधं भिंग घ्या. घड्याळजी वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं असेल तर उत्तम. भिंगाखाली बारीक ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर ते छापील कार्ड. ठिपके नसतील, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा सलग उतरत गेल्या असतील, तर तो खरा फोटो, फोटोच्या कागदावर काढलेला आणि मागे पोस्टकार्डाची रचना छापलेला. अशा कार्डाचं महत्त्व जास्त. त्यात हाताने फेरफार कमी असतात आणि मोठं करून पाहिलं तर दुकानाच्या पाटीवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात.

आता चित्र. मी तीन पायऱ्यांनी बघतो: रस्ता, इमारत आणि कॅमेऱ्याची जागा.

पहिली पायरी, रस्ता. इमारती हळू बदलतात, रस्त्यावरच्या वस्तू लवकर बदलतात. म्हणून तारीख ठरवायला रस्ता जास्त उपयोगी. मुंबईत तर ट्रामसारखा साक्षीदार नाही. घोड्यांची ट्राम १८७४ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि १९०५ मध्ये बंद झाली. विजेची ट्राम ७ मे १९०७ ला धावली. दुमजली ट्राम १९२० मध्ये आली. मोटार बस १५ जुलै १९२६ ला सुरू झाली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. आता फ्लोरा फाउंटनचं कार्ड घ्या. कारंजं तिथे १८६४ पासून आहे, त्यामुळे त्याच्यावरून काही कळत नाही. पण शेजारी घोड्यांची ट्राम दिसली तर खिडकी १८७४ ते १९०५. वरून तार गेलेली दिसली आणि खाली ट्राम असेल तर १९०७ च्या नंतर. बस दिसली तर १९२६ च्या मध्याच्या अलीकडचं.

ट्रामनंतर पुतळे. काळा घोडा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो घोडेस्वार पुतळा, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा, पुढे जे सातवे एडवर्ड झाले त्यांचा. तो १८७९ मध्ये आला आणि १९६५ मध्ये तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवला गेला. आज तिथे जो घोडा दिसतो तो २०१७ चा आहे आणि त्याच्यावर स्वार नाही. म्हणजे घोड्यावर माणूस बसलेला आहे की नाही एवढं पाहिलं तरी काळ कळतो. महापालिकेसमोरचा फिरोजशहा मेहतांचा पुतळा १९२३ चा. तो दिसला की कार्ड त्यानंतरचं.

सगळ्यात सोपं उदाहरण अपोलो बंदरचं. ताज हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडलं. गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला १९११ ची, पण प्रत्यक्ष इमारत १९२४ मध्ये पूर्ण झाली. ताज आहे आणि समोर गेटवे नाही, असं कार्ड हाती आलं की या वीसेक वर्षांच्या आतलं समजा. अर्थात कॅमेरा अशा कोनात असायला हवा की गेटवे असता तर तो दिसलाच असता. हा ‘असता तर’ विसरू नका.

हीच युक्ती इतर शहरांत चालते. कोलकात्याच्या कार्डावर हावड्याचा तरंगता पूल असेल तर ते १८७४ नंतरचं आणि आजचा पोलादी पूल १९४३ मध्ये सुरू झाला त्याच्या आधीचं. दिल्लीच्या इंडिया गेटमागच्या छत्रीत पाचव्या जॉर्जचा पुतळा दिसला तर चित्र १९३६ ते १९६८ च्या दरम्यानचं. आमच्या बेंगळुरूत कब्बन पार्कच्या टोकाला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा आहे, तो १९०६ च्या फेब्रुवारीत उघडला गेला. तुमच्या गावातही असा एखादा पुतळा, पूल, पाण्याची टाकी, घड्याळाचा मनोरा नक्की असेल. त्याच्या तारखा एका वहीत लिहून ठेवा. मी तिला पंचांग म्हणतो. ते पंचांग जितकं भरेल तितकं काम सोपं होत जातं.

दुसरी पायरी, इमारत. इथे लोक पाटी बघतात. पाटी सगळ्यात शेवटी बघायची. दुकानं बदलतात, नावं बदलतात, तळमजला तर दर पंचवीस वर्षांनी नवा होतो. खालच्या बाजूला फरशी बदलली, शटर आलं, काच आली, तरी वरच्या मजल्यांकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. म्हणून चित्रात आणि प्रत्यक्षातही मान वर करून बघा. छपराची रेषा, कठडा, कमानींचा आकार, सज्जाखालचे दगडी हात. आणि मोजा. एका मजल्यावर खिडक्या किती? कोपऱ्यापासून दरवाजा कितव्या कमानीत? कमान टोकदार की गोल? मोजलेला आकडा खोटं बोलत नाही. ‘साधारण तसंच दिसतं’ हे वाक्य मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना वापरू देत नाही.

काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन घ्या. एके काळी ते वॉटसन हॉटेल होतं. इमारतीचा सांगाडा ओतीव लोखंडाचा, तो इंग्लंडमध्ये तयार करून इथे आणून जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चलचित्रपट मुंबईत पहिल्यांदा दाखवले गेले ते याच हॉटेलात. आज तुम्ही समोर उभे राहिलात तर हे कोणतं पंचतारांकित हॉटेल होतं यावर विश्वास बसत नाही. भर घातलेली बांधकामं, बंद केलेले सज्जे, वायरी, पत्रे. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. पुढे ती धोकादायक ठरली, रिकामी झाली, पाडावी की सावरावी हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. पण जुन्या कार्डावर बघा. लोखंडी खांबांमधलं अंतर, मजल्यामजल्याला धावणारे सज्जे, त्यांचे कठडे, सगळं स्पष्ट दिसतं. मूळचं काय आणि नंतर चिकटवलेलं काय हे सांगणारा पुरावा त्या कार्डावर आहे. इमारत दुरुस्त करायची तर आधी ती कशी होती हे माहीत हवं. ते सांगणारी माणसं आता नाहीत. दोन पैशांची कार्डं आहेत.

तिसरी पायरी माझ्या आवडीची. कॅमेरा कुठे होता?

सैन्यात नकाशावर स्वतःची जागा शोधायला रिसेक्शन शिकवतात. दोन-तीन ओळखीच्या खुणांचे बेअरिंग घ्यायचे, नकाशावर त्यांच्या रेषा मागे ओढायच्या, जिथे रेषा छेदतात तिथे तुम्ही. पोस्टकार्डात होकायंत्र नाही, पण त्याहून सोपी गोष्ट आहे. चित्रात अशा जागा शोधा जिथे पुढच्या वस्तूची कड आणि मागच्या वस्तूची कड बरोबर एकावर एक आली आहे. समजा, पुढच्या इमारतीचा उजवा कोपरा आणि लांबच्या मनोऱ्याची डावी कड एका उभ्या रेषेत आहेत. नकाशावर या दोन बिंदूंमधून रेषा काढा आणि ती तुमच्याकडे वाढवा. कॅमेरा त्या रेषेवरच कुठेतरी होता. अशी दुसरी जोडी शोधा, दुसरी रेषा काढा. दोन रेषा जिथे भेटतील तिथे तो फोटोग्राफर उभा होता. तिसरी जोडी मिळाली तर तपासणी झाली. मग तिथे जा, डोळ्यासमोर कार्ड धरा आणि पावलं पुढे-मागे करत कडा जुळवा. त्या जुळल्या की अंगावर काटा येतो, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगतो.

सोबतीला सावली असतेच. दुपारी सूर्य मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस दक्षिणेकडे असतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो माथ्याच्या उत्तरेकडे सरकतो. म्हणून एखाद्या उत्तराभिमुख भिंतीवर भर दुपारचं ऊन दिसलं तर तो फोटो एक तर त्या दिवसांतला आहे, नाही तर तुमची दिशा चुकते आहे, नाही तर कार्ड उलटं छापलेलं आहे. हो, काच उलटी लावल्यामुळे डाव्याचं उजवं झालेली कार्डं असतात. पाटीवरची अक्षरं किंवा घड्याळाचे आकडे बघा, लगेच कळतं. दिल्ली, सिमला ही ठिकाणं कर्कवृत्ताच्या वर आहेत. तिथे भर दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही, त्यामुळे तिथे हा ताळा आणखी सोपा.

आता या सगळ्याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मी एका कुटुंबाची हकिगत सांगतो.

हे कुटुंब मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, आता बडोद्याला असतं. त्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला गेले होते. पायाला गोळी लागून परत आले, पुढे गावातच वारले. घरात त्यांची एकच वस्तू राहिली, एक फोटो-पोस्टकार्ड. चार-पाच जखमी शिपाई हिरवळीवर बसलेले, मागे दगडी इमारतीचा थोडा भाग आणि डाव्या कडेला झाडांच्या वरून डोकावणारा एक मनोरा. तिकीट नाही, छापलेलं नाव नाही. मागे मोडीत चार ओळी. मोडी वाचणाऱ्या एका जाणत्या गृहस्थांकडून त्या वाचून घेतल्या. मजकुराचा अर्थ एवढाच की आम्ही मुंबईस पोचलो, मोठ्या घुमटाच्या घरात ठेवलं आहे, काळजी नसावी.

घरच्या लोकांची समजूत होती की हे एखादं इस्पितळ असणार, आणि मुंबईतल्या जुन्या इस्पितळांचे फोटो लावून लावून ते थकले होते. कुठलंच जुळेना. पणजोबांच्या नातवाचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांची मुलगी मला फोनवर म्हणाली, “काका, बाबांना एकदा ती जागा दाखवायची आहे. फार दिवस हाताशी आहेत असं नाही.”

मी घुमटापासून सुरुवात केली. त्या काळात मुंबईत विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा मोठा घुमट दोन नव्या सरकारी इमारतींवर होता. एक बोरीबंदर स्टेशनाजवळचं मुख्य टपाल कार्यालय. ते जॉन बेग यांच्या आराखड्याचं, १९१३ मध्ये पूर्ण झालेलं. दुसरी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ती जॉर्ज विटेट यांची, बांधून झाली १९१४ मध्ये. आणि इथेच गंमत आहे. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली १९२२ च्या जानेवारीत. मधल्या काळात, महायुद्धात, तिथे लष्करी इस्पितळ होतं. घरच्या लोकांनी इस्पितळांच्या यादीत ही इमारत शोधलीच नव्हती, कारण आज तिला कोणीच इस्पितळ म्हणून ओळखत नाही.

आता ताळा. फोटोत दगडाच्या दोन छटा होत्या, गडद आणि फिकट. म्युझियमला कुर्ल्याचा निळसर काळा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड वापरलेला आहे. हे एक. सज्जाखालचे दगडी हात आणि कमानींची संख्या आजच्या इमारतीशी मोजून जुळली. हे दोन. तिसरा तो मनोरा. भिंगाखाली त्याचा आकार राजाबाई टॉवरचा निघाला. राजाबाई टॉवर साधारण ८५ मीटर उंच. म्युझियमच्या पुढच्या बागेतून तो वायव्येला, चारेकशे मीटरवर. टपाल कार्यालयापासून तो सव्वा किलोमीटरहून लांब, म्हणजे तिथून दिसला तरी तिपटीने लहान दिसला असता. फोटोत तो चांगला मोठा होता. शिवाय टपाल कार्यालयासमोर अशी बाग नाही.

सैन्यात बातमीची प्रत लावायची पद्धत असते, तशी मी इथेही लावतो: निश्चित, संभाव्य, शक्य. त्या मुलीला मी लिहून पाठवलं. इमारत: निश्चित. कॅमेऱ्याची जागा, दर्शनी बागेचा नैर्ऋत्य कोपरा: संभाव्य. आपले पणजोबा डावीकडून दुसरे: शक्य, कारण ते घरच्या आठवणीवर अवलंबून आहे, माझ्या मोजमापावर नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती मंडळी मुंबईला आली. मीही गेलो. आजोबा व्हीलचेअरवर होते. मी कार्डाची मोठी प्रत धरून उभा राहिलो, त्यांच्या नातवाने खुर्ची थोडी मागे, थोडी डावीकडे घेतली. टॉवर आणि इमारतीची कड जुळली. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे वडील सांगायचे ते घुमटाचं घर हेच. आम्हाला वाटायचं, तापात काहीतरी बोलून गेले असतील.”

मंडळी, पहिल्या महायुद्धात आपल्याकडचे लाखो शिपाई समुद्रापार गेले. त्यांच्या घरी बिल्ला असला तर असला, फोटो बहुधा नाही, कागद बहुधा नाही. इथे हा माणूस बसला होता, असं बोट दाखवून म्हणता येणं ही लहान गोष्ट नाही. ती खात्रीने म्हणता यावी म्हणून तर खिडक्या मोजायच्या.

आता थोडं नावांविषयी. कार्डावरचं नाव आणि आजचं नाव यांत मोठी दरी असते. एस्प्लनेड रोड म्हणजे आजचा महात्मा गांधी मार्ग, हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी मार्ग, चर्चगेट स्ट्रीट म्हणजे वीर नरिमन मार्ग, रॅम्पार्ट रो म्हणजे के. दुभाष मार्ग. बेंगळुरूत साउथ परेड म्हणजे आजचा एम.जी. रोड. त्या भागात आधी छावणी होती, समोर कवायतीचं मैदान, म्हणून ते नाव. आज तिथे मेट्रोचा पूल आहे आणि परेड कसली ते तरुणांना सांगावं लागतं. तुमच्या शहराच्या जुन्या आणि नव्या नावांची जोडयादी करा. जुनी डिरेक्टरी, जुना नगरभूमापन नकाशा, देवळाच्या किंवा चर्चच्या नोंदी, आणि गल्लीतले सगळ्यात वयस्कर दोघे-तिघे यांना विचारा. एकाला विचारून थांबू नका. दोघांना वेगवेगळं विचारा आणि दोघांनी एकच सांगितलं तर लिहून घ्या.

एक सावधगिरीही सांगतो. इमारत तीच असली तरी ती एकदाच बांधलेली असेल असं नाही. आमच्याकडचं सेंट मार्क्स कॅथेड्रल १९२३ मध्ये आगीत होरपळलं आणि १९२७ पर्यंत पुन्हा उभं राहिलं. त्यामुळे त्याचं कार्ड मिळालं की आगीच्या आधीचं की नंतरचं हा पहिला प्रश्न. इंदूरच्या आपल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. होळकरांचा राजवाडा १९८४ च्या दंगलीत जळाला. दर्शनी भाग उरला, मागचं पुढे नव्याने बांधावं लागलं. जुन्या कार्डांत आणि घरगुती अल्बमांत त्याचं जे जे टिपलेलं आहे ते म्हणून मोलाचं. इंदूरच्या कोणाकडे लग्नाचा, शाळेच्या सहलीचा एखादा जुना फोटो असेल आणि मागे राजवाडा असेल, तर तो तुमच्या घरापुरता राहिलेला नाही.

शेवटी काही कामाच्या सूचना. कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, ६०० डीपीआयला. मागची बाजू कोरी वाटली तरी करा. कार्डावर पेनने काही लिहू नका, लिहायचंच तर मऊ पेन्सिलीने, मागे, कोपऱ्यात. तिकीट सोडवून काढू नका, तिकीट गेलं की निम्मा पुरावा गेला. लॅमिनेशन मुळीच करू नका, ते पुन्हा निघत नाही. आम्ल नसलेल्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यानंतर एकदा बाहेर काढून बघा. फोनवर कोणाला पाठवताना मूळ स्कॅन फाइल म्हणून पाठवा, नाही तर चित्र दबून येतं आणि पाटीवरची अक्षरं जातात. आणि प्रत्येक ओळखीसोबत तीन गोष्टी लिहा: काय ओळखलं, कशावरून ओळखलं, किती खात्री आहे. कशावरून हे लिहिलं नाही तर तुमच्यानंतर कोणाला ते तपासता येणार नाही. न तपासता येणारी माहिती आणि अफवा यांत फार अंतर नसतं.

तुम्हाला गृहपाठ देतो. घरातला किंवा जुन्या बाजारातला एक फोटो किंवा एक कार्ड घ्या. आपल्याच गल्लीचं, पेठेचं, स्टेशनचं. फार मोठी इमारत नको. कोपऱ्यावरचं दुकान, शाळेचं फाटक, पाण्याचा हौद असं काहीही चालेल. खिडक्या मोजा, कडा जुळवा आणि रविवारी सकाळी तिथे जाऊन उभे राहा. सोबत घरातलं एक लहान मूल न्या. कॅमेरा कुठे होता हे शोधायला त्यांना आपल्यापेक्षा जास्त मजा येते, आणि त्या मुलाच्या म्हातारपणी त्या जागेविषयी सांगणारं एक माणूस तरी शिल्लक राहील.

एवढं बोलून थांबतो. जय हिंद.